दोन पानं एकदम उलटली गेली तर पूजा पोचते का?

शमीपत्र | रात्री ११:४०

गणपती आठ दिवसांवर आले की माझं पोट बिघडतं. कारण आजवर कुणाला सांगितलेलं नाही. इथे टोपणनावाआड लपून सांगते.

२०२० साली २२ ऑगस्टला चतुर्थी होती. सोसायटीचं गेट बंद, गुरुजी येणार नव्हते. बाबांना गुडघ्यांमुळे पाटावर बसवत नव्हतं आणि भाऊ बंगळुरात अडकलेला. म्हणून पूजेला मी बसले, आयुष्यात पहिल्यांदा. घरातलं जुनं पूजेचं पुस्तक, पानांवर पंचामृताचे डाग, कडा तुपकट. बाबा मागे खुर्चीत डोळे मिटून. स्नान झालं, आता वस्त्र, म्हणून पान उलटलं ते थेट नैवेद्यावर. मला वाटलं, मधलं झालं असेल. कापसाची वस्त्रं, गंध, दूर्वा मी हाताला येईल तसं आधीच वाहून टाकलं होतं. मोदक दाखवले, आरती केली, मंत्रपुष्प म्हटलं, शेवटच्या पानावरचं सगळं वाचलं आणि उठले.

रात्री पुस्तक आवरताना दिसलं की दोन पानं एकमेकांना चिकटलेली होती. वस्त्र, जानवं, गंध, फुलं, धूप, दीप यांपैकी एकाचाही मंत्र म्हटला गेला नव्हता.

नोव्हेंबरात बाबा करोनाने गेले.

मी मायक्रोबायॉलॉजी शिकले आहे. विषाणूला पूजेचं पुस्तक वाचता येत नाही हे मला कळतं. पण रात्री अडीचला जे डोकं जागं असतं ते बी.एस्सी. झालेलं नसतं. तेव्हापासून हे पसरत गेलंय. गॅसचं बटण बंद आहे ना, हे बघायला जिन्यातून परत वर जाते. ऑफिसचा मेल सात वेळा वाचते आणि मग पाठवतच नाही. कुणी मत विचारलं तर ‘दोन्ही बाजू आहेत’ म्हणून सुटका करून घेते. अथर्वशीर्ष तर सोडूनच दिलं, कारण ‘चुकीचा उच्चार केल्यास उलट फळ मिळते’ असा एक फॉरवर्ड दर भाद्रपदात येतो.

तुम्हाला अशी चुकण्याची भीती वाटते का? आणि वाटत असेल तर थांबता कुठे?

खारीकखोबरं | रात्री ११:५२

वाचलं. काय लिहावं सुचत नाहीये, पण वाचलं. जिना मीही चढते.

ऱ्हस्वदीर्घ | रात्री ११:५८

शीर्षकात ‘पोहोचते’ हवं. बाकी लेखन आवडलं.

खारीकखोबरं | रात्री १२:०१

@ऱ्हस्वदीर्घ, अहो, आज तरी!

नास्तिकोबा | रात्री १२:२०

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. रोग एकच आहे आणि त्याचं नाव श्रद्धा. सत्यनारायणाच्या कथेत कलावती प्रसाद न घेता धावत सुटली तर नवऱ्यासकट नाव बुडाली. असल्या गोष्टी लहानपणापासून कानावर पडल्यावर दुसरं काय होणार? पुस्तक रद्दीत घाला, भीती आपोआप जाईल.

खारीकखोबरं | रात्री १२:२६

नास्तिकोबा, गॅसचं बटण नास्तिकांच्याही ओट्यावर असतं हो. आणि चौथा अध्याय संपेपर्यंत बसत जा. कलावती घरी जाऊन प्रसाद खाऊन येते आणि नाव पुन्हा वर येते, नवरा कोरडाठाक. बुडालेली नाव सगळ्यांच्या लक्षात राहते, वर आलेली कुणाच्याच नाही. प्रसादाचा शिरा वाटायची घाई असते ना तेव्हा.

पाठभेद | सकाळी ६:१५

निवृत्त संस्कृत शिक्षक आहे, म्हणून त्या फॉरवर्डबद्दल बोलायचा मला थोडा हक्क आहे असं समजतो.

त्याचं मूळ ‘इन्द्रशत्रु’ या शब्दात आहे. त्वष्ट्याचा मुलगा इंद्राने मारला. त्वष्ट्याने सूडासाठी यज्ञ केला आणि ‘इन्द्रशत्रु, वाढ’ म्हणून आहुती दिली. शेवटचं अक्षर उदात्त, म्हणजे उंच स्वरात, म्हटलं तर तत्पुरुष समास होतो, म्हणजे इंद्राला मारणारा. पहिलं उदात्त म्हटलं तर बहुव्रीही, म्हणजे इंद्र ज्याला मारणार तो. म्हणणाऱ्याने पहिलं उचललं. त्यातून वृत्र जन्मला आणि इंद्राच्याच हातून मेला. पतंजलींनी महाभाष्य या व्याकरणावरच्या ग्रंथाच्या सुरुवातीला ही गोष्ट घेतली आहे आणि चुकीचा शब्द वज्र होऊन यजमानालाच मारतो असा श्लोकही दिला आहे. फॉरवर्डवाले इथपर्यंत येतात आणि थांबतात.

आता दोन गोष्टी बघा. एक, तो मंत्र एकाचा जीव घेण्यासाठी होता. स्वर चुकला म्हणून इंद्र वाचला. या चुकीबद्दल देवांनी तरी तक्रार केल्याचं माझ्या वाचनात नाही. दोन, पतंजली ही गोष्ट सांगतात ती व्याकरण का शिकावं याची कारणं देताना. वर्गात मुलं बसावीत म्हणून सांगितलेली गोष्ट आहे, घरात कुणी तोंड उघडू नये म्हणून नव्हे. चाळीस वर्षं मुलांना वर्गात बसवलं आहे, असल्या गोष्टींची गरज मला कळते.

त्याच आह्निकात, म्हणजे प्रकरणात, थोडं पुढे ‘यर्वाणस्तर्वाण’ नावाच्या ऋषींचा उल्लेख येतो. ‘यद्वा नः, तद्वा नः’ असं म्हणायच्या जागी ते ‘यर्वाणः तर्वाणः’ म्हणायचे. लोकांनी तेच नाव पाडलं. पतंजली त्यांना अडाणी म्हणत नाहीत, उलट ज्ञानी म्हणतात. यज्ञात बसले की ते नीट बोलत, घरी अपभ्रष्ट. हे ऋषी कुणी फॉरवर्ड करत नाही.

शमीपत्र, एक विचारतो. शेवटच्या पानावरचं सगळं वाचलं म्हणालात. त्यात ‘आवाहनं न जानामि’ ही क्षमायाचना होती का?

शमीपत्र | सकाळी ८:०५

हो, होती. ‘मंत्रहीनं क्रियाहीनं भक्तिहीनं सुरेश्वर’ हेही होतं. ते दरवर्षी आरतीनंतर बाबाच म्हणायचे, मला पाठ आहे.

पाठभेद | सकाळी ८:३१

मग झालं की. तुमच्या पूजेत वस्तू वाहिल्या गेल्या, मंत्र राहिले. त्या अवस्थेला ‘मंत्रहीन’ हाच शब्द आहे. पूजाविधी रचणाऱ्याने गृहीतच धरलंय की यजमानाचं काहीतरी राहणार. म्हणून शेवटी ‘जे काही केलं ते परिपूर्ण होवो’ असं म्हणायची सोय करून ठेवली. अचूक पूजेला हा श्लोक लागलाच नसता.

तर्कट | सकाळी ९:१०

वाचनखूण साठवली.

नास्तिकोबांच्या नावेवरून दुसरी नाव आठवली. विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने १८७७ साली एका निबंधात जहाजमालकाची गोष्ट रचली. जहाज जुनं झालंय, डागडुजीला आलंय हे मालकाला माहीत आहे. पण खर्च नको म्हणून तो मनाची समजूत घालतो, इतक्या सफरी झाल्या, ही पण होईल. देशांतराला निघालेली माणसं भरून जहाज निघतं आणि भर समुद्रात बुडतं. क्लिफर्ड म्हणतो, जहाज सुखरूप पोचलं असतं तरी मालक तितकाच दोषी, कारण पुराव्याशिवाय विश्वास ठेवायचा त्याला हक्क नव्हता.

म्हणजे एका गोष्टीत नियम मोडला म्हणून नाव बुडते, दुसरीत तपासलं नाही म्हणून. नास्तिकोबा, तुमच्या बाजूलाही जहाजच बुडतंय आणि यातलं वर येत नाही.

क्लिफर्डला १८९६ मध्ये उत्तर दिलं अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्सने. त्याचं म्हणणं, सत्य मिळवणं आणि चूक टाळणं ही दोन वेगळी कामं आहेत. फक्त दुसरंच करायचं ठरवलं तर सोपं आहे, कशावरच विश्वास ठेवू नका. पण हे म्हणजे सेनापतीने शिपायांना सांगावं की एक जखम होण्यापेक्षा लढाईलाच जाऊ नका. शमीपत्र यांचं ‘दोन्ही बाजू आहेत’ मला तिथे दिसलं. माझंही तेच आहे. पीएच.डी.चं शेवटचं प्रकरण दोन वर्षं ‘जवळजवळ झालंय’.

जर्मन तत्त्वज्ञ हेगेलने तर १८०७ मध्येच म्हटलं होतं की चुकायची भीती हीच मुळात चूक असू शकते. तो वाचताना मात्र आपण चुकतोय की तोच, हे कळत नाही.

नास्तिकोबा | सकाळी ९:४४

@तर्कट, मान्य. रात्री जरा जास्त बोललो. खरं सांगायचं तर इन्कम टॅक्सचं रिटर्न भरून झाल्यावर मी पोचपावती तीन ठिकाणी साठवतो आणि चौथी छापतो. देव नाही, पण खातं आहे.

रात्रपाळी | सकाळी १०:२०

परिचारिका आहे, ड्यूटी संपवून मोबाइलवरून टंकतेय, शुद्धलेखन पोटात घाला.

भीती पूर्ण गेली तर माझ्या कामात माणूस मरेल. आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात, औषधाचं लेबल तीनदा वाचायचं. कपाटातून उचलताना, भरताना आणि बाटली परत ठेवताना. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी पहाटे चारला एका आजींचं इन्शुलिन भरत होते. आपल्याकडे इन्शुलिन ४० युनिटचंही येतं आणि १०० युनिटचंही, सिरिंजही वेगवेगळ्या. चाळीसची लाल टोपीची, शंभरची केशरी. माझ्या हातात बाटली शंभरची आणि सिरिंज लाल. त्या खुणांवर विश्वास ठेवून टोचलं असतं तर अडीचपट डोस गेला असता. बाटली ठेवताना तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा दिसलं. हातपाय गार पडले. सिरिंज टाकून दिली, नवीन घेतली, आजींना टोचलं. झोपेत त्या म्हणाल्या, ‘बाळा, हात किती गार तुझे.’

पण चौथ्यांदा वाचत नाही. चौथ्यांदा वाचत बसले तर पलीकडच्या बेडचं सलाइन संपतं. माझ्या बॅचची एक मुलगी सहा-सात वेळा बघायची. तिच्याच हातून जास्त गोंधळ व्हायचे, कारण सातव्यांदा डोळे बघतात पण वाचत नाहीत.

आणखी एक. जिथे चूक सांगितल्यावर सिस्टर सगळ्यांसमोर झापतात तिथे चुका कमी होत नाहीत, फक्त वहीत कमी येतात.

तर्कट | सकाळी १०:४१

रात्रपाळी, तुमचा तीनाचा आकडा बघून खुर्चीतून उठलो! कुमारिल भट्ट, सातवं शतक, श्लोकवार्तिक. मीमांसकांचा, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या पंथाचा, सिद्धांत असा की झालेलं ज्ञान स्वतःच प्रमाण असतं, ते खोटं ठरवायला बाधक, म्हणजे त्याला खोडणारं काहीतरी, दाखवावं लागतं. मग प्रश्न येतो, दुसऱ्या ज्ञानाने पहिलं कापलं, दुसऱ्यावरही शंका आली, तर तपासायचं किती? कुमारिल चक्क आकडा देतात, तीन-चार ज्ञानं झाली की त्यापलीकडे आणखी बुद्धीची अपेक्षा नाही. तत्त्वज्ञानात ‘इथे बस करा’ असं आकड्यात सांगणारा दुसरा माणूस मला ठाऊक नाही.

कुमारिलांचाच मानला जाणारा एक श्लोक बौद्ध आचार्य शांतरक्षितांच्या तत्त्वसंग्रहात, म्हणजे विरोधकाच्या घरी, टिकून राहिलाय. जो मोहाने, समोर नसलेल्या बाधकाचीही कल्पना करत बसतो तो संशयात्मा सगळ्या व्यवहारांत नाश पावतो. गॅसचं बटण बंद दिसतंय, वास नाही, ज्योत नाही. ‘पण समजा’ हे न जन्मलेलं बाधक.

पाठभेद | सकाळी ११:०५

छान आठवण काढलीत. न्यायशास्त्रातल्या उदयनाचार्यांची ‘व्याघातावधिराशङ्का’ ही कारिका, म्हणजे श्लोक, याच वळणाची. शंका कुठवर काढायची, तर तुमच्या स्वतःच्या वागण्याशी तिचा विरोध येईपर्यंत. धूर आणि अग्नीच्या संबंधावर शंका घेणारा धूर हवा असला की विस्तवच पेटवतो ना? मग तिथे शंका संपली. पुढे श्रीहर्षांनी त्याच कारिकेतले दोन-चार शब्द फिरवून उदयनांची टिंगल केली, की विरोध म्हटला म्हणजे शंका आलीच, तिला हद्द कसली. म्हणजे वाद तिथेही मिटला नाही.

आणि कुणाला पूर्ण सुटका हवी असेल तर प्रभाकर मीमांसकांकडे जा. शिंपल्यात चांदी दिसली तर ते म्हणतात चूक झालीच नाही. समोरचं चकाकणं पाहिलं ते खरं, चांदी आठवली तेही खरं, दोन्हीतला भेद तेवढा ध्यानात आला नाही. माझ्या एका विद्यार्थ्याने पेपरात नापास झाल्यावर हा युक्तिवाद केला होता. दोन गुण वाढवून दिले.

मांडवीकाठ | दुपारी १:१५

गोव्याहून. आमच्यात याला कुमसाराचा रोग म्हणायला हवं. कुमसार म्हणजे पाद्र्यापुढे पापांची कबुली. लहानपणी कुमसारला जाऊन आल्यावर चर्चच्या पायऱ्यांवरच आठवायचं की एक पाप सांगायचं राहिलं, मग परत रांगेत. पाद्री ओळखायला लागला होता.

मोठेपणी कळलं की हे जेझुइट संघ स्थापणाऱ्या संत इग्नेशियस लोयोलालाही होतं. १५२२ साली मनरेसा गावात असताना तो तीच ती पापं पुनःपुन्हा सांगायचा आणि तरी वाटायचं काहीतरी राहिलं. कंटाळून पाद्र्याने सांगितलं, जुनं काही सांगू नकोस, अगदी स्पष्ट आठवत असेल तरच सांग. आणि याला तर सगळंच स्पष्ट आठवत होतं! शेवटी एक दिवस त्याने ठरवलं की जुन्याचं कुमसार आता नाही म्हणजे नाही. तिथून पुढे सुटला.

याला युरोपात ‘स्क्रूपल’ हा जो शब्द आहे त्याचा लॅटिनमधला अर्थ बारीक टोकदार खडा. चपलेत अडकतो तसला. माझी आई याला ‘मनाची खरूज’ म्हणते, ते मला जास्त पटतं.

टाळकुटा | दुपारी ३:०२

इथे बरीच विद्वान मंडळी आहेत, आपण साधे सप्ताहवाले. आमच्याकडे अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली टेकत नाही. तासातासाचे पहारे असतात. एकोणीस वर्षांचा होतो, मला पहाटे तीनचा पहारा. उभ्या उभ्या डुलकी लागली आणि वीण्याचा भोपळा सतरंजीला टेकला. टक्‌ असा आवाज झाला. मला वाटलं आता गावावर दुष्काळ येणार आणि कारण मी.

एक म्हातारे माळकरी खांबाला टेकून बसले होते. त्यांनी पाहिलं. मी रडकुंडीला. ते म्हणाले, ‘उचल आधी. पांडुरंगाला पण झोप लागते, म्हणून तर काकड्याला उठवतो आपण.’ बस, तेवढंच. दुसऱ्या दिवशी पहारा बदलून मागितला तर म्हणाले, नाही, तीनचाच घे.

आणि ज्ञानोबांनी अठराव्या अध्यायात विचारलंच आहे, राजहंसाचं चालणं जगात शहाणं ठरलं, म्हणून बाकी कुणी चालूच नये का?

पाठभेद | दुपारी ३:२०

टाळकुटा, साष्टांग. त्याच ज्ञानेश्वरीची प्रत नाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केली, म्हणजे तीनशे वर्षांत नकलांमध्ये इतक्या चुका शिरल्या होत्या. तरी मधल्या काळात लोक ती वाचतच होते.

आत्याबाईंचा_भाचा | सायंकाळी ५:४८

सगळं छान चाललंय, पण एक कळकळीने. माझी आत्या सोवळ्याच्या नावाखाली नळ धुवायची. आधी नळ, मग हात, मग हात लागला म्हणून पुन्हा नळ. घरात कौतुक व्हायचं, केवढी कर्मठ! वीस वर्षांनी डॉक्टरांनी सांगितलं की हा मंत्रचळ (ओसीडी) आहे. शब्दातच मंत्र आहे बघा. गोळ्या आणि थेरपी दोन्ही चाललं. थेरपीत काय, तर नळाला हात लावायचा आणि न धुता बसायचं. पहिल्या दिवशी तीन मिनिटं बसली, घामाघूम. ‘नळ स्वच्छ आहे’ असं तिला पटवायला डॉक्टरांनी आम्हाला सक्त मनाई केली होती. पटवलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि तासाने पुन्हा विचारते, हे आम्हाला अनुभवाने माहीत होतंच.

म्हणून कुमारिल वगैरे ठीक, पण शमीपत्र, जिना रोज किती वेळा चढता? मेल सात वेळा वाचून पाठवतच नसाल तर एकदा डॉक्टरांना भेटा. लगेच जमत नसेल तर सरकारची टेलिमानस सेवा आहे, १४४१६, मराठीतही बोलतात. आणि इथे आम्ही सगळे मिळून ‘पूजा पोचली, पोचली’ म्हणतोय ना, ते बंद करूया.

पाठभेद | सायंकाळी ६:३०

@आत्याबाईंचा_भाचा, तुमचं बरोबर. सकाळी मी तेच केलं. यापुढे त्या पूजेबद्दल बोलणार नाही.

ऱ्हस्वदीर्घ | सायंकाळी ६:४४

‘पोचते’ही चालतं, तपासलं. शीर्षकाबद्दलचे शब्द मागे घेतो.

शमीपत्र | रात्री १०:५५

सगळे प्रतिसाद वाचले. भाचा, जिना दिवसाला चार-पाचदा. वाईट दिवशी मोजत नाही. गुरुवारची वेळ घेतली आहे. ऑफिसात दातांचं काम आहे म्हणून सांगणार, तेवढं खोटं चालेल.

रात्रपाळीताई, ते गार हात वाचून किती वेळ बसून राहिले.

आज माळ्यावरून पुस्तक काढलं. चार वर्षं मी उघडलं नव्हतं, भाऊ यूट्यूब लावून पूजा करतो. पानं अजून चिकटलेलीच. वाफेवर धरून सोडवायला गेले तर वरचं पान टराटरा फाटलं, गंधापासून धूपापर्यंतच्या ओळी दुसऱ्या पानाच्या पाठीला उलट्या चिकटून बसल्या. आरशात धरून वाचायचा प्रयत्न केला, ‘चंदन’ तेवढं लागलं. हसू आलं, मग बराच वेळ रडले.

यंदा भावाला सांगितलंय, मी बसते. पाठभेद सर, तेवढ्या दोन पानांचा मजकूर टंकून देता का? ठळक अक्षरात. चष्मा लागलाय.

पाठभेद | रात्री ११:१०

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. दीपाच्या मंत्रात एक अनुस्वार राहिलाय बहुतेक, बघून घ्या.